उथळ प्रवाळ टाकीसाठी प्रवाह पंपांची निवड : म्युनिकमधील एका घरगुती टाकीचे प्रकरण

म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने आपल्या बैठकीच्या खोलीत प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी बसवली, तेव्हा ती त्यांनी जाणीवपूर्वक उथळ ठेवली होती. आतल्या मापाने तिची लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६० सेंटिमीटर आणि उंची अवघी ३५ सेंटिमीटर आहे. पाणी ३१ सेंटिमीटरपर्यंत भरलेले असते आणि तळाशी ३ सेंटिमीटर वाळूचा थर आहे, म्हणजे प्रवाहाला प्रत्यक्षात मिळणारी खोली २८ सेंटिमीटर. खडक आणि वाळू यांनी अडवलेली जागा वजा केली तर टाकीत सुमारे २०० लिटर पाणी राहते. अशा टाकीचे फायदे खरे आहेत : प्रवाळ वरून पाहता येतात आणि त्यांचे रंग वरूनच सर्वांत चांगले दिसतात, कमी क्षमतेच्या दिव्यांनी तळापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचतो, आणि कोपर बुडवल्याशिवाय प्रत्येक कोपऱ्यात हात जातो. पाण्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असल्याने प्राणवायूची देवाणघेवाणही सुलभ होते. अडचण येते ती प्रवाहाच्या बाबतीत, आणि हे प्रकरण त्या अडचणीचेच आहे.

सुरुवातीला त्यांनी ताशी ४,५०० लिटर क्षमतेचे, एकाच वेगाने चालणारे दोन पंखा-पंप घेतले आणि ते दोन आखूड भिंतींच्या मध्यावर, समोरासमोर, पाण्याच्या मध्यखोलीवर लावले. एकूण प्रवाह ताशी ९,००० लिटर, म्हणजे टाकीतील पाण्याच्या ४५ पट. प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा असा की मऊ प्रवाळांना ताशी १० ते २० पट, मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक प्रवाळ-जीव) दगडी प्रवाळांना २० ते ३० पट आणि फांदीदार दगडी प्रवाळांना ४० पट किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. या हिशेबाने त्यांची टाकी सर्वच प्रकारांसाठी पुरेशी ठरत होती.

प्रवाळांची अवस्था मात्र वेगळेच सांगत होती. दोन्ही टोकांना वाळू उडून तळाची काच उघडी पडली होती. टाकीच्या मधोमध, जिथे ॲक्रोपोरा या फांदीदार दगडी प्रवाळाच्या फांद्या लावल्या होत्या तिथे, फांद्यांच्या बुंध्याकडून ऊती मागे सरकू लागली होती. ताटासारख्या वाढणाऱ्या मॉन्टिपोरा या दगडी प्रवाळाच्या खोलगट भागात गाळ साचत होता आणि त्याखालची त्वचा फिकी पडत होती. डाव्या टोकाकडे ठेवलेला यूफिलिया हा मोठ्या पॉलिपांचा प्रवाळ एका बाजूने पूर्ण फुललेला आणि दुसऱ्या बाजूने सतत आकसलेला असे. दुकानदाराचा सल्ला होता की पंप कमी पडत आहेत, दुप्पट क्षमतेचे घ्यावेत. मागणी नोंदवण्यापूर्वी त्यांनी माझे मत विचारले, कारण पाण्याच्या प्रवाहाची गणिते हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

माझे मत तेव्हाही हेच होते आणि आजही आहे की उथळ टाकीत पंपाची क्षमता हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न पाण्याला जायला आणि परत यायला वाट कोणती आहे हा. ताशी किती पट ही संख्या टाकीच्या आकाराबद्दल काहीच सांगत नाही. २०० लिटरची उंच, चौकोनी टाकी आणि २०० लिटरची ही लांब, सपाट टाकी यांना ती एकाच मापाने मोजते. प्रवाळाला तर लिटर कळतच नाहीत. त्याला कळतो तो त्याच्या अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वेग.

वेग इतका महत्त्वाचा का, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. प्रवाळ स्वतःहून जागा बदलू शकत नाही. त्याच्या त्वचेला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो, आणि त्या थरातून कार्बन, पोषक द्रव्ये आणि प्राणवायू यांची ये-जा केवळ विसरणाने, म्हणजे कण आपोआप पसरत जाण्याने, फार संथपणे होते. बाहेरचा प्रवाह जितका वेगवान, तितका हा थर पातळ. दिवसा प्रवाळाच्या ऊतीतील सहजीवी शैवाल इतका प्राणवायू तयार करते की तो बाहेर गेला नाही तर प्रकाशसंश्लेषणच मंदावते. तांबड्या समुद्रातील एलात येथील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की प्रवाह वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढते, आणि त्यामागचे मुख्य कारण अतिरिक्त प्राणवायू ऊतीबाहेर वाहून जाणे हे आहे. त्याआधी २००१ मध्ये नाकामुरा आणि व्हॅन वोएसिक यांनी जपानच्या ओकिनावा भागातील ॲक्रोपोरावर केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले होते की उष्ण पाण्यात संथ प्रवाहातील प्रवाळ विरंजित होऊन, म्हणजे सहजीवी शैवाल गमावून पांढरे पडून, मरतात, तर वेगवान प्रवाहातील तग धरतात. दिवे, क्षार आणि कॅल्शियम यांवर जितकी चर्चा होते तितकी प्रवाहावर होत नाही, याचे मला म्हणूनच वाईट वाटते.

येथे महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून ते उचलून आणणे हा गंभीर गुन्हा आहे. जर्मनीत हे प्रवाळ कायदेशीररीत्या, उगमाच्या कागदपत्रांसह मिळतात, आणि या टाकीतील बहुतेक तुकडे तेथल्याच पाळलेल्या वसाहतींपासून वाढवलेले आहेत. पुढील सर्व विवेचन त्या चौकटीत वाचावे.

झोताचा हिशेब

पंपाच्या तोंडातून निघालेला झोत सरळ नळकांडीसारखा जात नाही. तो आजूबाजूचे पाणी ओढून घेत शंकूसारखा पसरतो, आणि मोकळ्या पाण्यात त्याची कड मध्यरेषेपासून साधारण १२ अंशांच्या कोनात बाहेर जाते. मध्यखोलीवर लावलेल्या पंपापासून वर पृष्ठभाग आणि खाली वाळू प्रत्येकी १४ सेंटिमीटरवर. तोंडाची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली तर उरलेले ११ सेंटिमीटर ओलांडायला झोताला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर पुरते. पंखा-पंपांचा झोत प्रत्यक्षात याहून रुंद पसरतो, त्यामुळे हे अंतर आणखी कमी भरते. म्हणजेच टाकीचा मध्य येण्यापूर्वीच झोत एकीकडे वाळूला आणि दुसरीकडे पृष्ठभागाला भिडलेला असतो. ६० सेंटिमीटर खोल टाकीत हेच पंप निर्धोक चालले असते.

वाळू उडण्याचे कारण येथेच सापडले. टाकीतील वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक दाण्याची होती, आणि असे दाणे साधारण २० ते २५ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाला हलू लागतात. मध्यातील मरगळीचे कारण त्याहून सोपे होते. समोरासमोरचे दोन समान झोत मधोमध एकमेकांवर आदळत आणि त्यांचा संवेग परस्परांना छेदून नाहीसा होत असे. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून आणि काचेला मोजपट्टी चिकटवून आम्ही खाद्याच्या बारीक कणांचा वेग मोजला, तेव्हा ॲक्रोपोरा जिथे लावले होते त्या भागात तो सेकंदाला २ सेंटिमीटरच्याही आत भरला. दुप्पट क्षमतेचे पंप त्याच जागी लावले असते तर वाळू दुप्पट जोमाने उडाली असती आणि मधली टक्कर तशीच राहिली असती.

उपाय असा ठरला की दोन्ही पंपांनी एकमेकांविरुद्ध न लढता पाण्याला एकाच दिशेने संपूर्ण टाकीभर फिरवावे. असा चक्राकार प्रवाह दोन प्रकारे घडवता येतो. उभ्या चक्रात पाणी पृष्ठभागावरून पुढे जाते आणि तळावरून परत येते. आडव्या चक्रात ते समोरच्या काचेलगत जाते आणि मागच्या काचेलगत परतते. २८ सेंटिमीटर खोलीत उभे चक्र केले तर प्रत्येक वाट अवघी १४ सेंटिमीटर जाडीची राहते, आणि परतीची वाट खडक, प्रवाळ आणि वाळू यांतून घासत जाते. आडव्या चक्रात मात्र प्रत्येक वाटेला ३० सेंटिमीटर रुंदी आणि पूर्ण २८ सेंटिमीटर उंची मिळते. उथळ टाकीत मी आडव्या चक्राच्याच बाजूने आहे, आणि या बाबतीत मला फारसे दुमत होण्यासारखे काही दिसत नाही.

त्यासाठी आधी खडक हलवावे लागले. पूर्वी मागच्या काचेला टेकून खडकांची सलग भिंत होती, म्हणजे परतीची वाटच बुजलेली होती. आता टाकीच्या मध्यरेषेवर सुमारे ६० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असा एकच खडकांचा कणा आहे, आणि दोन्ही टोकांना पाणी वळायला ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडली आहे. दर्शनी बाजूकडून प्रवाळ नीट दिसावेत म्हणून तो किंचित पुढे सरकवला आहे. पुढची वाट १९ आणि मागची २३ सेंटिमीटर.

यानंतरच क्षमतेचा प्रश्न विचारात घेतला. सरासरी १० सेंटिमीटर प्रतिसेकंद हा वेग आम्ही लक्ष्य म्हणून धरला. खडक वजा जाता वाटेचे छेदक्षेत्र सरासरी ५९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.९ लिटर किंवा ताशी २१,००० लिटरच्या आसपास पाणी चक्रात फिरत राहायला हवे. हा आकडा पाहून पंपही ताशी २१,००० लिटरचा हवा असे वाटू शकते, पण झोत स्वतःच्या पाण्याबरोबर भोवतालचे पाणीही ओढून नेतो. ६ सेंटिमीटर व्यासाच्या तोंडातून निघालेला झोत मोकळ्या पाण्यात एक मीटर अंतरावर मूळ प्रवाहाच्या सुमारे पाच पट पाणी हलवत असतो. म्हणून ताशी पाच हजार लिटरच्या घरातला एक पंप, जर त्याच्यासमोर दुसरा झोत आणि खडकांची भिंत नसेल, तर ताशी २६,००० लिटरपर्यंत पाणी गतिमान करू शकतो. बंद टाकीत आणि खडकांच्या घर्षणात त्यातला काही भाग जातो, तरीही आपण गरजेच्या जवळ पोहोचतो.

कोणता पंप, आणि कोणत्या भिंतीवर

या टप्प्यावर घराची रचना निर्णायक ठरली. टाकी समोरून, उजव्या टोकाकडून आणि वरून पाहिली जाते. डावे टोक खोलीच्या भिंतीपासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर आहे. उजव्या काचेवर पंप नकोत ही त्या दोघांची अट रास्त होती. म्हणून दोन्ही पंप डाव्या आखूड भिंतीवर, एक पुढच्या आणि एक मागच्या कोपऱ्यात लावायचे आणि ते आळीपाळीने चालवायचे असे ठरले. पुढचा पंप चालू असताना पाणी पुढून जाते आणि मागून परतते. मागचा चालू झाला की चक्र उलट फिरते. दिशा बदलणे ही केवळ हौस नाही. प्रवाह कायम एकाच दिशेने राहिला तर प्रत्येक खडकाच्या आडोशाला गाळ साचतो आणि फांदीदार प्रवाळांची वाढही एकांगी होते. बदलाचा काळ सहा तासांचा ठेवला, कारण कोकण किनाऱ्यासारख्या दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या समुद्रात भरती-ओहोटीची पाळी साधारण तेवढ्याच अंतराने उलटते आणि त्यामुळे दिवसा व रात्री दोन्ही दिशांना समान वाटा मिळतो.

पंपांचे तीन प्रकार आम्ही तपासले. ज्यांची मोटर काचेबाहेर असते आणि चुंबकाच्या ओढीने आतला पंखा फिरतो, ते उथळ टाकीत दिसायला सर्वांत सुटसुटीत, शिवाय मोटरची उष्णता पाण्यात जात नाही. पण बाहेरच्या मोटरला जागा आणि हवा लागते. ४ सेंटिमीटरच्या फटीत ती मावणे शक्य नव्हते आणि टाकी पुढे ओढायची तर लाकडी जमिनीवर भरलेल्या टाकीचे वजन हलवावे लागले असते. दुसरा प्रकार लांब दंडगोलाकार पंखा असलेल्या गायर पंपांचा. ते पाण्याची रुंद, पातळ चादर सोडतात. पृष्ठभागाजवळ आडवे लावले तर ते उभे चक्र निर्माण करतात, आणि समोरच्या काचेवर आपटून खाली वळलेली चादर उथळ टाकीत वाळू खणते. कोपऱ्यात उभे लावले तर झोताचा आकार आम्हाला हवा तसाच मिळतो, परंतु २८ सेंटिमीटर पाण्यात पंपाचे वरचे टोक पृष्ठभागाच्या इतके जवळ येते की भोवरा पडून हवा आत ओढली जाते. त्यांच्या पात्यांची सफाईही अधिक वेळा करावी लागते. अधिक खोल टाकीत मी त्यांचाच विचार आधी केला असता.

शेवटी रुंद तोंडाचे, पाण्यात बुडणारे, नियंत्रकावर चालणारे एकदिश (डीसी) विजेचे दोन पंखा-पंप घेतले. त्यांची कमाल क्षमता ताशी ७,५०० लिटर असून ते सरासरी ६५ टक्क्यांवर चालतात. पूर्ण क्षमतेवर चालणारा लहान पंप घेण्याऐवजी कमी क्षमतेवर चालणारा मोठा पंप घेण्यामागे दोन कारणे होती : बैठकीच्या खोलीत आवाज नको होता, आणि प्रवाळ वाढल्यावर अडथळा वाढणार हे ठाऊक असल्याने हाताशी राखीव जोर हवा होता. जुने दोन पंप वेग बदलू न शकणारे असल्याने या योजनेत बसले नाहीत. त्यांपैकी एक आता खारे पाणी ढवळून तयार करण्याच्या पिंपात आहे.

पंपाचा आस पृष्ठभागाखाली १२ सेंटिमीटरवर ठेवला आहे. त्याहून वर घेतल्यास भोवरा पडू लागतो आणि सूक्ष्म बुडबुडे प्रवाळांवर चिकटतात. त्याहून खाली नेल्यास वाळू हलते. झोत वाळूऐवजी पृष्ठभागाला आधी भिडावा म्हणून तोंड किंचित वर आणि लगतच्या काचेकडे वळवले आहे, कारण काचेला चिकटून जाणारा झोत मोकळ्या झोतापेक्षा दूरवर जोर टिकवतो. डाव्या टोकाकडची बारीक वाळू काढून तिथे १ ते २ मिलिमीटर दाण्याची वाळू घातली. पंपाच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत कोणताही प्रवाळ ठेवलेला नाही. पाळी नसलेला पंप पूर्ण बंद न करता सर्वांत कमी वेगावर ठेवला जातो. बंद पंपात गोगलगायी शिरतात आणि पंप पुन्हा सुरू होताच त्या चिरडतात. या मंद वेगाचा मुख्य चक्राला होणारा विरोध नगण्य आहे.

लाटा निर्माण करण्याच्या पर्यायाबाबत मी विशेष आग्रही राहिलो. नियंत्रकावर ठराविक अंतराने स्पंद देण्याची सोय असते आणि ती वापरून पाहण्याचा मोह होतोच. पण प्रत्येक टाकीतील पाण्याला स्वतःचा डोलण्याचा काळ असतो. १२० सेंटिमीटर लांबी आणि ३१ सेंटिमीटर खोली यांसाठी तो सुमारे दीड सेकंद येतो, आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ०.९ सेकंद. स्पंदांचा काळ यांच्याशी जुळला तर थोड्याच वेळात लाट इतकी उंचावते की काठापर्यंत उरलेले ४ सेंटिमीटर अपुरे पडतात, आणि काचांच्या सांध्यांवर दर लाटेला ताण येतो तो वेगळाच. म्हणून छोटे स्पंद पूर्णपणे टाळले आणि त्याऐवजी वेग २० ते ४० सेकंदांच्या अनियमित अंतराने ४५ ते ७५ टक्क्यांदरम्यान बदलत ठेवला. फांद्यांच्या आतपर्यंत पाणी पोहोचायला हा बदल पुरेसा आहे.

बदलानंतर

नवीन वेग एकदम दिला नाही. दोन आठवड्यांत तो टप्प्याटप्प्याने वाढवला, कारण संथ पाण्यात वाढलेल्या ऊतीला अचानक जोराचा प्रवाह सोसत नाही. पहिल्या दिवसांत खडकांमागे साठलेला गाळ सुटून पाणी गढूळ झाले आणि संपमधील, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीतील, गाळणीचा कापूस वारंवार बदलावा लागला. स्थिरावल्यानंतर पुन्हा मोजले तेव्हा पुढचा पंप चालू असताना पुढच्या वाटेत ११ आणि मागच्या वाटेत ९ सेंटिमीटर प्रतिसेकंद असा वेग मिळाला. दोन्ही वाटांची रुंदी लक्षात घेतली तर फिरणारे पाणी दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहे, म्हणजे पाणी खरोखरच चक्रात फिरते आहे आणि मधेच कुठे विरत नाही.

प्रवाळांच्या जागाही त्यानुसार बदलल्या. ॲक्रोपोरा कण्याच्या उजव्या टोकाला, जिथे पाणी वळते आणि खळाळ सर्वाधिक असतो. मॉन्टिपोरा पुढच्या उतारावर, ताट किंचित कलते ठेवून. यूफिलिया कण्याच्या मधल्या खाचेत, जिथे सेकंदाला ३ ते ४ सेंटिमीटर एवढाच वेग असतो आणि दिशा दर सहा तासांनी बदलते. आता तो दोन्ही बाजूंनी फुलतो. ॲक्रोपोराच्या बुंध्याकडची मागे सरकणारी ऊती थांबली, आणि काही फांद्यांवर ती उघड्या सांगाड्यावर पुन्हा पसरताना दिसते. जे दोन तुकडे आधीच अर्ध्याहून अधिक मेले होते ते वाचले नाहीत.

पृष्ठभाग सतत हलता राहिल्याने बाष्पीभवन वाढले आहे आणि स्वयंचलित भरणीच्या गोड्या पाण्याचा डबा पूर्वीपेक्षा लवकर रिकामा होतो. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाच्या टाकीत ही भरणी बंद पडणे धोक्याचे असल्याने डबा मोठा घेतला. दोनपैकी एका पंपाला बॅटरीचा आधार दिला आहे, म्हणजे वीज गेली तरी पाणी हलत राहील.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. मॉन्टिपोराचे ताट पुढच्या वाटेत वाढत आहे, आणि १९ सेंटिमीटरच्या वाटेत त्याने ५ सेंटिमीटर जागा घेतली तरी छेदक्षेत्राचा मोठा हिस्सा अडतो. वेग वाढवून हे भरून काढता येईल, पण त्याने डावीकडच्या वाळूवर ताण येईल. मी छाटणीच्या बाजूने आहे; त्या दोघांना ते ताट जसेच्या तसे वाढू द्यायचे आहे आणि त्यासाठी खडकांचा कणा ३ सेंटिमीटर मागे सरकवण्याची त्यांची तयारी आहे. पुढच्या मोजणीत पुढच्या वाटेतील वेग ८ सेंटिमीटरच्या खाली गेलेला आढळला तर यांपैकी एक पर्याय निवडायचा, असे आम्ही ठरवले आहे.